बू डॉट कॉम : अठरा देशांचे दुकान आणि टेलिफोनची एक तार

१७ मे २००० रोजी लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवरील एका कंपनीने आपला कारभार अवसायकांच्या हाती सोपवला. अवघ्या अठरा महिन्यांत तिने गुंतवणूकदारांचे सुमारे साडेतेरा कोटी डॉलर संपवले होते. ज्या संकेतस्थळासाठी हा पैसा ओतला गेला, ते ग्राहकांसाठी जेमतेम साडेसहा महिने खुले राहिले. पुढे त्याचे संगणकीय तंत्रज्ञान ब्राइट स्टेशन नावाच्या कंपनीने अडीच लाख पौंडांना उचलले. बुडालेल्या कंपनीचे नाव होते बू डॉट कॉम. (थ्रेड)

तिच्याविषयी जे सांगितले जाते, त्यात शॅम्पेन असते, महागडे विमानप्रवास असतात आणि उधळ्या तरुण संस्थापकांच्या मेजवान्या असतात. हे सारे घडलेही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण अपुरे आहे. उधळपट्टी करूनही तगलेल्या कंपन्या त्या काळात कमी नव्हत्या. बू बुडाली त्याचे मूळ मेजवान्यांत शोधण्यापेक्षा तिच्या संकेतस्थळाच्या आराखड्यात शोधलेले बरे. दुकान कोणत्या क्रमाने बांधायचे आणि ते पाहणाऱ्या माणसाच्या घरी नेमके काय आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यात चुकली होती.

त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागते.

टिम बर्नर्स-ली याने १९८९ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची मांडणी केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे वाचता यावीत म्हणून. वाचनापुरती ती उत्तम होती. मात्र तिच्यात दुकानदारीला मारक ठरणारा एक गुण होता : विस्मरण. वाचक एक पान मागतो, पलीकडचा संगणक ते पाठवतो, आणि व्यवहार तिथेच संपतो. त्याच वाचकाने पुढच्या क्षणी दुसरे पान मागितले, तरी पलीकडच्या संगणकाच्या लेखी तो नवाच पाहुणा. वाण्याने साखर तोलून द्यावी आणि डाळ मागताच ‘आपण कोण?’ असे विचारावे, तसा हा प्रकार. ग्रंथालयाला हे चालते. पिशवी भरत भरत फिरणाऱ्या ग्राहकाला चालत नाही.

या अडचणीवरचा तोडगा १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली या तरुण अभियंत्याने काढला. एमसीआय या दूरसंचार कंपनीला ऑनलाइन विक्रीची व्यवस्था हवी होती, पण ग्राहकांच्या अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद स्वतःच्या संगणकावर सांभाळायची नव्हती. मोंटुलीने ती नोंद ग्राहकाच्याच संगणकावर ठेवायचे ठरवले. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हाती क्रमांकाचा बिल्ला मिळतो आणि परत येताना तो दाखवला की आपलीच चप्पल पुढे येते, त्याच तत्त्वावर ही युक्ती चालते. तिचे नाव कुकी. आज प्रत्येक संकेतस्थळ जिच्यासाठी परवानगी मागते, ती हीच. पाळत ठेवण्याचे साधन म्हणून ती पुढे बदनाम झाली खरी, पण तिचा जन्म दुकानाच्या टोपलीसाठी झाला.

म्हणजे ‘परस्परसंवादी’ संकेतस्थळ या शब्दाचा पहिला अर्थ अगदी साधा होता. दुकानाने ग्राहकाला ओळखावे, त्याने काय उचलले ते लक्षात ठेवावे, आणि शेवटी पैसे घेऊन वस्तू घरी पाठवावी. चित्रे, आवाज, हालचाल हे सर्व नंतरचे.

हा साधा अर्थ धरून बांधलेले दुकान म्हणजे १९९५ चे ॲमेझॉन. जेफ बेझोसने सिॲटलजवळच्या बेल्व्ह्यू येथील भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले तेव्हा प्रत्यक्ष संगणकीय बांधणी करणारी माणसे होती दोन : शेल कॅफन आणि पॉल डेव्हिस. ग्राहकाची ओळख टिकवण्यासाठी त्यांनी प्रत्येक पानाच्या पत्त्यातच एक लांबलचक क्रमांक गुंफला. त्या पत्त्यांत ‘ओबिडोस’ हा शब्द वर्षानुवर्षे दिसत असे. ॲमेझॉन नदीचे पात्र ब्राझीलमधील ओबिडोस गावाजवळ अत्यंत अरुंद होते, त्यावरून संगणकप्रणालीला दिलेले हे नाव. पाने करड्या रंगाची, अक्षरांनी भरलेली; देखणी म्हणता येणार नाहीत अशी. दुकान खुले करण्याआधी मित्र आणि नातेवाईक यांना ते वापरून पाहायला दिले गेले, आणि जुलै १९९५ मध्ये सर्वांसाठी उघडले. तरीही दोष राहिलेच. पुस्तकांची संख्या म्हणून ऋण आकडा टाकला, तर व्यवस्था तो निमूटपणे स्वीकारत असे आणि हिशोबाने पैसे ग्राहकालाच द्यावे लागले असते, हे बेझोसने पुढे स्वतः सांगितले. अशी चूक दहा ग्राहकांसमोर उघडी पडली तर ती एका दुपारीत दुरुस्त होते. त्या वेळी प्रत्येक विक्रीगणिक कार्यालयात घंटा वाजत असे. लवकरच ती इतकी वाजू लागली की बंद करावी लागली.

योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. ज्यांनी त्या काळातील मोडेमची किरकिर ऐकली आहे, ज्यांनी शेल खात्यावर निव्वळ अक्षरांचे इंटरनेट वापरले आहे, त्यांना पुढची गोष्ट समजायला वेळ लागणार नाही. टेलिफोनच्या तारेवरून काय येऊ शकते आणि काय येऊ शकत नाही, हे त्या पिढीला घड्याळ पाहून कळत असे.

आता बूकडे.

एर्न्स्ट माल्मस्टेन आणि कायसा लेआंडर हे बालपणापासूनचे स्वीडिश मित्र. माल्मस्टेनचा ओढा साहित्याकडे. त्याने न्यूयॉर्कमध्ये नॉर्डिक कवितेचा महोत्सव भरवला होता. लेआंडर काही काळ मॉडेल होती. दोघांनी प्रकाशनसंस्था चालवली आणि १९९७ मध्ये ‘बोकूस’ नावाचे ऑनलाइन पुस्तकांचे दुकान काढले. ते चालले, आणि स्वीडनच्या सहकारी संघाला विकलेही गेले. हा तपशील बूच्या कथेत बहुधा गाळला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. ही माणसे नवखी नव्हती. साधे, चालणारे ऑनलाइन दुकान त्यांनी एकदा बांधून दाखवले होते. बँकिंग क्षेत्रातला पॅट्रिक हेडेलिन त्यांना येऊन मिळाला आणि नव्या धंद्याची कल्पना ठरली : खेळाचे आणि फॅशनचे कपडे व बूट, जगभर, इंटरनेटवरून.

कल्पनेत खोट नव्हती. जे. पी. मॉर्गन, गोल्डमन सॅक्स, चैनीच्या वस्तूंच्या साम्राज्याचे धनी बर्नार आर्नो आणि बेनेटन कुटुंब यांनी पैसे लावले, ते डोळे झाकून लावले असे म्हणता येत नाही. कपडे इंटरनेटवर विकले जातील हा त्यांचा अंदाज पुढे शब्दशः खरा ठरला.

पण पुस्तक आणि बूट यांत फरक आहे. पुस्तकाला शीर्षक पुरते. प्रत कुठलीही असो, मजकूर तोच. बूट पायात घालून पाहावा लागतो, सदऱ्याचे कापड बोटांनी चाचपावे लागते. दुकानात हे सहज होते, पडद्यावर होत नाही. बूच्या संस्थापकांनी हा फरक अचूक ओळखला आणि त्यावर उत्तर म्हणून ठरवले की ग्राहकाला वस्तू फिरवून पाहता आली पाहिजे, जवळ आणता आली पाहिजे, आभासी पुतळ्याच्या अंगावर चढवता आली पाहिजे. शिवाय दुकानात बोलायला कोणीतरी हवे, म्हणून ‘मिस बू’ नावाची चित्ररूप विक्रेती घडवली गेली. ती ग्राहकाशी बोलणार, सल्ला देणार, थट्टाही करणार. तिची केशरचना ठरवण्यासाठी नामांकित केशरचनाकाराला पाचारण केले गेले. यावर पुढे पुष्कळ हसले गेले. खरे तर ग्राहकाशी गप्पा मारणारा आभासी साहाय्यक ही कल्पना आज बँकांपासून विमान कंपन्यांपर्यंत सर्वत्र आहे. मिस बू चुकीची नव्हती; ती ज्या तारेवरून ग्राहकाच्या घरी जाणार होती, ती तार अरुंद होती.

ती किती अरुंद, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. १९९९ मध्ये घरगुती ग्राहकाकडे असलेला चांगला मोडेम सेकंदाला ५६ किलोबिट वेगाचा म्हणून विकला जाई. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला सात किलोबाइट. टेलिफोनच्या तारेतील खरखर धरता प्रत्यक्षात मिळत चार ते पाच. आता शंभर किलोबाइटचे एक छायाचित्र घ्या : त्याला वीस ते पंचवीस सेकंद. बूट फिरवून दाखवायचा तर वेगवेगळ्या कोनांतून काढलेली अनेक छायाचित्रे लागतात. त्यात मिस बूचे हलते चित्र, पुतळा, खिडकीत उघडणारी दुसरी खिडकी आणि हे सारे चालवणारा फ्लॅश व जावास्क्रिप्टचा पसारा. युरोपात स्थानिक फोनलाही मिनिटागणिक पैसे पडत. दुकानाच्या दारात उभे राहण्यासाठीच ग्राहकाच्या फोनबिलाचे मीटर फिरत होते.

मग हे बांधणाऱ्यांना दिसले नाही का? दिसत होते. परंतु जलद जोडण्या लवकरच घरोघरी येतील, तेव्हा दुकान आधीच तयार असेल, असा त्या काळचा सार्वत्रिक विश्वास होता. जोडण्या आल्या, हेही खरे. फक्त त्या बूच्या पगारपत्रकाच्या वेगाने आल्या नाहीत.

आराखड्यातील दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती, आणि म्हणूनच अधिक घातक होती. दुकान पहिल्याच दिवशी अठरा देशांत उघडायचे होते. एखाद्या सेनापतीने अठरा किल्ल्यांवर एकाच रात्री शिड्या लावण्याचा बेत करावा, तसा हा बेत. नकाशावर तो भव्य दिसतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो, ते पाहण्यासारखे आहे.

नाण्यांपासून सुरुवात करू. १ जानेवारी १९९९ रोजी अकरा युरोपीय देशांनी युरो स्वीकारला होता, पण केवळ हिशोबापुरता. नोटा आणि नाणी यायला २००२ उजाडणार होते. म्हणजे फ्रान्सच्या ग्राहकाला फ्रँक, जर्मनाला मार्क, इटालियनाला लिरा दाखवणे भाग. मग कर. मूल्यवर्धित कराचे दर देशागणिक निराळे. त्यात ब्रिटनमध्ये लहान मुलांचे कपडे आणि बूट यांच्यावर शून्य दर. म्हणजे एकाच जातीच्या बुटाच्या दोन मापांवर दोन वेगळे कर. मग मापे : ब्रिटनचे आठ, अमेरिकेचे नऊ आणि युरोपचे बेचाळीस ही एकाच पायाची तीन नावे असू शकतात. मग पैसे देण्याची रीत : अमेरिकी ग्राहक क्रेडिट कार्ड पुढे करतो, जर्मन ग्राहकाला त्याची सवय नव्हती. मग ब्रँड : एकाच बुटाची किंमत त्याचा निर्माता देशादेशांत वेगळी ठरवतो, आणि कोणत्या देशात कोणी विकावे यावर त्याचे निर्बंध असतात. आणि या सर्वांवर भाषा. मिस बूने प्रत्येक भाषेत थट्टा करायची, म्हणजे थट्टेचेही भाषांतर हवे. ज्याने कधी एका भाषेतील विनोद दुसरीत नेला असेल, त्याला हे काम काय असते ते ठाऊक आहे.

यातील एकही प्रश्न न सुटणारा नाही. पण हे प्रश्न एकमेकांत मिसळले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एका देशात एक बूट विकताना चुकण्याच्या ज्या जागा असतात, त्यांना देशांनी, भाषांनी, चलनांनी आणि मापांनी गुणायचे. पैसे भरण्याच्या टप्प्यावर इटलीतील ग्राहक अडकला तर दोष भाषांतराचा, कराच्या कोष्टकाचा, बँकेशी जोडणाऱ्या दुव्याचा की गोदामाच्या नोंदीचा? हे शोधण्याचा एकच व्यवहार्य मार्ग असतो : आधी एका देशात, थोड्या मालानिशी दुकान चालवून पाहायचे. तीच पायरी आराखड्यात नव्हती. बोकूस चालवलेल्या माणसांनी ती गाळावी, हे या प्रकरणातील सर्वांत मोठे कोडे. कदाचित त्याचे उत्तर भांडवलाच्या आकारात असावे. एवढा पैसा ‘स्वीडनमध्ये शंभर बूट विकून पाहतो’ असे सांगून मिळत नाही. तो ‘अठरा देश’ म्हटल्यावर मिळतो, आणि एकदा मिळाला की अठराच देश करावे लागतात.

बांधकाम लांबत गेले. दुकान मे १९९९ मध्ये उघडायचे होते. कामे निरनिराळ्या कंपन्यांकडे वाटलेली, आणि सर्व धागे हाती धरणारा मुख्य रचनाकार बराच काळ कोणीच नाही. इकडे जाहिराती सुरू झालेल्या, माल खरेदी होऊन गोदामांत पडलेला, आणि कपड्यांच्या धंद्यात गोदामातला माल पुस्तकासारखा थांबत नाही. हंगाम बदलला की तो शिळा होतो. कर्मचारी वाढत वाढत सुमारे चारशेपर्यंत गेले. लंडनशिवाय अन्य शहरांतही कार्यालये थाटली गेली. विक्री सुरू होण्यापूर्वीच हा सगळा खर्च महिन्यामागून महिने वाहत होता. जाहिरात आधी आणि दुकान मागाहून, अशी ही उलटी वरात.

अखेर ३ नोव्हेंबर १९९९ रोजी संकेतस्थळ उघडले. ज्या गर्दीची वाट पाहिली ती आली, आणि दारातच खोळंबली. पाने उघडायला मिनिटे लागत. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकांवर दुकान चालतच नव्हते. आणि चित्रकार, रचनाकार, जाहिरात क्षेत्रातील मंडळी, म्हणजे ज्यांना हे कपडे विकायचे होते नेमकी तीच माणसे मॅकिन्टॉश वापरत. जे आत पोचले, त्यांतील कित्येक पैसे भरण्याच्या पायरीवर अडकले. संकेतस्थळांच्या सुलभतेचा त्या काळचा नामांकित अभ्यासक याकोब नील्सन याने बूवर टीका केली ती याच मुद्द्यावर : खरेदी सोपी करण्याऐवजी हे दुकान ग्राहकाच्या वाटेत येते. सुरुवातीच्या दिवसांतच वृत्तपत्रांनी हसे केले, आणि ज्या नावासाठी जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा गेला, ते नाव आता सर्वांना ठाऊक होते ते भलत्याच कारणासाठी.

पुढच्या महिन्यांत दुरुस्त्या झाल्या, हेही नमूद करायला हवे, कारण बहुतेक कथा नोव्हेंबरवरून थेट मेवर उडी मारतात. संकेतस्थळ हलके केले गेले, किमती उतरवल्या, माणसे कमी केली. विक्री वाढू लागली. काही महिने मिळाले असते तर दुकान कदाचित उभे राहिलेही असते. पण १० मार्च २००० रोजी अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक शिखरावर पोचला आणि तिथून घसरू लागला. वर्षभरापूर्वी इंटरनेटचे नाव ऐकताच धनादेश लिहिणारे हात आखडले. बूला जगण्यासाठी नवा पैसा लागणार होता, आणि तो मिळाला नाही. कंपनीच्या पतनानंतर माल्मस्टेनने बोलताना कणखर आर्थिक नियंत्रक सोबत नसल्याकडे बोट दाखवले. ते अर्धेच खरे वाटते. असा नियंत्रक असता तर विमानाची तिकिटे मोजली गेली असती. पान उघडायला लागणारे सेकंद मोजणारा कोणी होता का, हा प्रश्न मग उरतोच.

बूच्या काळातील दोन समकालीन शेजारी ठेवले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

त्याच १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात निक स्विनमर्न या तरुणाला इंटरनेटवर बूट विकायचे होते. लोक न घालता बूट घेतील का, हाच त्याचाही प्रश्न. त्याने जवळच्या बुटांच्या दुकानात जाऊन मालकाच्या परवानगीने छायाचित्रे काढली आणि ती संकेतस्थळावर लावली. मागणी आली की तो दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेई आणि ग्राहकाला पाठवी. नफा शून्य. पण प्रश्नाचे उत्तर मिळाले. बूट फिरवून दाखवण्याऐवजी त्याच्या कंपनीने पुढे भर दिला तो ‘घालून पाहा, नको असेल तर विनाखर्च परत पाठवा’ या हमीवर. माल परत पाठवण्याची सोय बूकडेही होती. परंतु स्विनमर्नकडे ती दुकानाचा कणा झाली. ही कंपनी म्हणजे झॅपोस. २००९ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली.

दुसरे उदाहरण खुद्द लंडनचे. बू बुडाल्याला महिनाही उलटला नव्हता, तोच जून २००० मध्ये नॅटली मॅसने या फॅशन पत्रकार महिलेने ‘नेट-ए-पोर्टर’ सुरू केले. तेच शहर, तोच फॅशनचा माल, तेच मोडेम, आणि गुंतवणूकदारांचा विश्वास तर रसातळाला गेलेला. तिचे संकेतस्थळ मासिकासारखे रचलेले होते : लेख वाचावा, छायाचित्र पाहावे, आवडले तर त्यावर टिचकी मारून घ्यावे. वस्तू फिरत नव्हती, कोणी बोलत नव्हते. वेब ज्या कामासाठी जन्मली, म्हणजे पान वाचण्यासाठी, त्याच सवयीवर तिने दुकान उभे केले. दहा वर्षांनी रिशमाँ या स्विस समूहाने ते ताब्यात घेतले तेव्हा त्याचे मूल्य सुमारे ३५ कोटी पौंड धरले गेले. त्याच २००० मध्ये लंडनमध्येच ‘ॲसॉस’ हे तरुणांच्या कपड्यांचे दुकानही सुरू झाले, आणि बूला जो ग्राहक हवा होता, तोच पुढे त्याने मिळवला.

या साऱ्या इतिहासाच्या साधनांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. बूच्या अंतर्गत कारभाराचे मुख्य साधन म्हणजे माल्मस्टेनने दोन सहलेखकांसह लिहिलेले ‘बू हू’ हे २००१ चे पुस्तक. ते रोचक आहे, पण ते पराभूत सेनापतीच्या बखरीसारखे वाचावे लागते : प्रसंग बहुधा खरे, दोषांची वाटणी मात्र तपासून घेण्यासारखी. त्याशिवाय त्या काळातील वृत्तपत्रे आहेत आणि काही माजी कर्मचाऱ्यांची टिपणे आहेत. सर्वांत मोठी उणीव आहे ती प्रत्यक्ष वास्तूची. शनिवारवाड्याचा महाल जळाला तरी जोते उरले, त्यावरून दालनांचा अंदाज बांधता येतो. संकेतस्थळाचे जोते कोणते? इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबची पाने जतन करत आहे. परंतु ती पान जतन करते, पानामागचा व्यवहार नव्हे. टोपलीत वस्तू टाकली की गोदामाच्या नोंदीत काय बदले, इटालियन ग्राहकाचा कर कसा मोजला जाई, मिस बू कोणत्या क्षणी कोणते वाक्य निवडी, हे सर्व दुकानाच्या संगणकांवर घडत होते आणि त्यांच्याबरोबरच संपले. पडद्यावरची हालचाल ज्या फ्लॅशवर चाले, त्याचा आधारही त्याची मालक कंपनी अडोबीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. १९९५ च्या ॲमेझॉनचे करडे पान आज चित्ररूपात पाहिले तरी ते काय करत असे हे समजते, कारण त्यात अक्षरांपलीकडे फारसे काही नव्हतेच.

बूचे नाव मात्र लगेच मेले नाही. ते अमेरिकेच्या फॅशनमॉल कंपनीने विकत घेतले आणि त्याच वर्षी मिस बूसह नवे संकेतस्थळ उघडले. त्यात स्वतःचा माल नव्हता, गोदाम नव्हते, अठरा देशांचे कर नव्हते. आवडलेल्या वस्तूवर टिचकी मारली की ते ग्राहकाला दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडत असे.